धाकटी रिकामी का बसते?

दत्ता, तुझ्या दशक्रियेला साहेबांनी माईक हातात घेतला आणि मला तिथंच घाटावर तुझा राग आला. साहेबांचा नाही, तुझा. इंद्रायणीच्या काठाला मांडव, प्रवचन होऊन गेलेलं, मग एकेक पुढारी उठून श्रद्धांजली वाहत होता. त्यातल्या निम्म्यांना तू आकुर्डीच्या कॉल सेंटरमध्ये नेमकं काय करायचास हे ठाऊक नव्हतं. एकानं तर तुला 'संगणकमहर्षी' करून टाकलं. चालायचंच. मग आपले साहेब उठले आणि म्हणाले, "दत्तात्रयनं प्रत्येक यंत्राला पर्याय तयार ठेवला, स्वतःला मात्र पर्याय ठेवला नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी उठले आणि चपला शोधायला गेले. तू असतास तर जाग्यावरूनच ओरडला असतास, "साहेब, मान्सं म्हंजी मशिनी न्हाईत, कायबी काय बोलताय!" पण जिथं तू बोलायला हवास नेमका तिथंच तू नव्हतास. माझा राग तो आहे.

आणि ताप अंगावर काढलास त्याचाही. गाडी चालवत महाळुंग्याहून यायचास, डोळे लाल, हात थरथरतायत, आणि वर मलाच शहाणपण, "पावसाळी ताप हाय गं ताई, जाईल दोन दिसात." तुला किती वेळा म्हटलं, रक्त तपास. महाळुंगेभर डेंग्यूचे पेशंट, तुझ्या शेजारच्या घरात पेशंट, आणि तू गोळी खाऊन सर्व्हरच्या खोलीत एसीखाली बसणार! शिकलेला इंजिनीयर तू. अशिक्षित माणूसही ऐकतो रे. शेवटी ॲडमिट झालास, आणि तिथून फोन केलास तोही भांडायला. "ताई, मी येईस्तवर धाकटीला हात लावू दिऊ नगंस कुणाला." मी म्हटलं, "तू आधी बरा हो, मग बघते तुझ्या धाकटीकडं," आणि फोन ठेवला, कारण फ्लोअरवर दुसरा फोन वाजत होता. आपलं शेवटचं बोलणं हे. एवढ्या वर्षांच्या ओळखीत शेवटी काय बोललो, तर सर्व्हरबद्दल.

तुझ्या आईनं मला घाटावर बाजूला घेतलं. म्हणाली, "पोरी, खरं सांग. दत्त्या तापात सारखं धाकटी धाकटी करत व्हता. सूनबाईला, सुरेखाला, ईचारायची सोय न्हाई. कोण गं ही धाकटी?" मला त्या रडारडीत हसू फुटलं दत्ता, पदर तोंडात कोंबावा लागला. मग मी आईला समजावून सांगितलं. म्हटलं, ट्रक रस्त्यात बंद पडला की ड्रायव्हर आम्हाला फोन करतात. ते फोन घेणं, मोकळ्या मुलीला जोडून देणं, जवळच्या मेकॅनिकला कळवणं, हे सगळं एक मोठं मशीन करतं. त्याला आमच्या फ्लोअरच्या मुली थोरली म्हणतात. तिच्या शेजारी हुबेहूब तसलीच दुसरी, ती धाकटी. धाकटी काम काहीच करत नाही. ती नुसती थोरलीला सारखं विचारत राहते, आहेस का, आहेस का. थोरलीचं उत्तर आलं नाही की धाकटी उठते आणि सगळं काम हातात घेते.

आई म्हणाली, "म्हंजी एरवी बसूनच आसती?"

"बसूनच."

"मग आमच्या दत्त्याचं येवढं काय आडलं व्हतं तिच्यात?"

मी म्हटलं, "आई, हेच तर मी त्याला इतकी वर्षं विचारत होते."

कारण विचारत होतेच ना! कॅन्टीनमध्ये आपण दोघं एका टेबलावर बसलो की बाकीचे ताटं उचलून दुसरीकडं जायचे. माझं म्हणणं साधं होतं, आजही तेच आहे. सकाळी दहाच्या सुमाराला लाईनवर गर्दी उसळते. रात्री अडकलेले ड्रायव्हर, मालकाला आत्ताच कळलेलं, गॅरेज आत्ताच उघडलेलं, सगळे एकदम फोन करतात. थोरलीच्या लाईनी भरल्या की बाकीचे ताटकळतात, ती तुणतुण्यासारखी धून ऐकत बसतात. माझ्या अर्ध्या मुली हेडसेट लावून मोकळ्या बसलेल्या, पण त्यांच्यापर्यंत फोन पोचवायला लाईनच नाही. आणि शेजारी धाकटी ढिम्म! मी म्हणायचे, तिला फक्त सकाळपुरतं हाताशी घे. निम्मे फोन तिला दे. काय बिघडतं?

तू भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणायचास, "न्हाई म्हंजी न्हाई. दोन्ही बैल नांगराला जुंपले, आन एक बसला, की नांगर बसला. ताई, दोघींना सत्तर-सत्तर किलो दिलं आन एक पडली, तर दुसरीनं येकशे चाळीस उचलायचं कसं? तीबी पडंल."

"अरे पण पडते कधी? कधी पडणार तुझी थोरली?"

"ते म्हाईत आसतं तर मशीन कशाला ठिवली आसती? पंचांग घिऊन बसलो नसतो का!"

मी चिडायचे. म्हणायचे, तुला मशीन दिसतं, मला कानात शिव्या ऐकू येतात. रोज होणारा त्रास एका बाजूला आणि कधीतरी होईल-न होईल ते दुसऱ्या बाजूला, आणि तू रोजच्याला किंमतच देत नाहीस. तू मला "लातूरकर, तुमच्याकडं पानी न्हाई म्हणून भांडायची सवय" म्हणायचास. मी तुला "जमिनी विकून इंजिनीयर झालेला" म्हणायचे. तुझी जमीन विकलेली नव्हती, एमआयडीसीत गेली होती, हे मला माहीत होतं. तरी म्हणायचे. तूही माहीत असून हसायचास आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता घ्यायचास.

हं, एकदा धाकटी उठली होती, ते मान्य. गुरुवार होता, लाईट गेली, जनरेटरनं गचके खाल्ले आणि थोरली बसली. मला पत्ताही नव्हता. मुली फोन घेतायत, ड्रायव्हर बोलतायत. जेवताना तू येऊन समोर बसलास आणि म्हणालास, "आत्ता फोन धाकटी चालवतीया. कळलं का तुला? न्हाई ना? मंग गप जेव." त्या दिवशी तुझा चेहरा असा होता, जणू घरात मुलगी पहिल्या नंबरानं पास झाली. मी म्हटलं, "एवढ्या वर्षांत एकदा!" आणि चटणीचा डबा तुझ्याकडं सरकवला.

पण तुझं दुसरं खूळ मला त्याहून त्रास द्यायचं. म्हणे थोरली मुद्दाम बंद करून बघायची, धाकटी उठते का ते. दर महिन्याला, भर दिवसा! "तपासल्याबिगर धाकटीवर भरवसा म्हंजी फोटो बघून लगीन." मी सरळ सांगितलं, माझ्या फ्लोअरवर शिफ्ट चालू असताना बटणाला हात लावलास तर याद राख. साहेबही नको म्हणाले. ट्रककंपनीवाले काय म्हणतील, वगैरे. तेव्हा तू काय शक्कल काढलीस! खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी कारखान्यात मशिनी पुसायच्या, हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, आणि पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही. तू साहेबांकडं गेलास आणि भोळा चेहरा करून म्हणालास, "साहेब, सगळ्या पट्ट्यात मशिनींना आज सुट्टी. आपल्या थोरलीनं काय पाप केलं?" साहेब देवभोळे. नाही कसं म्हणतील? तेव्हापासून दर खंडेनवमीला थोरलीला हार, थोरली बंद, आणि दिवसभर धाकटी. परवानगी मिळाली नाही ती चाचणी तू पूजेत बसवलीस. मुलींना वाटायचं श्रद्धा आहे. श्रद्धा कसली, बिलंदरपणा नुसता! मला ते फार आवडलं होतं, दत्ता. तुला तोंडावर सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असतास.

आता ऐक, तू गेल्यावर काय झालं.

तुझे दिवस झाले न झाले तोच साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, म्हणजे काहीतरी होतंच. म्हणाले, "शेतीपंपाच्या कंपनीचं काम आलंय. त्यांच्या तक्रारींचे फोन आपण घ्यायचे. नवीन मशीन नको, धाकटी मोकळीच आहे. तुमचंच म्हणणं होतं ना मंगलताई, धाकटीला कामाला लावा म्हणून?"

माझंच वाक्य होतं ते, शब्दन् शब्द. पण मी म्हणत होते ड्रायव्हरांची रांग कमी करा. हे म्हणत होते नवा धंदा घ्या. माझं वाक्य उचलून दुसऱ्याच खुंटीला टांगलेलं. मी म्हटलं, "साहेब, थांबा जरा, मी विचार करून सांगते." ते "हो हो" म्हणाले. मी घरी जाऊन विचार करायला बसले आणि मला काय सापडलं माहितीय? विचार करायला समोर तू लागतोस. मी एक बोलायचं, तू त्याला नाही म्हणायचं, मग मला माझं म्हणणं कळायचं. भिंतीशी काय वाद घालू?

आणि ते थांबलेच नाहीत. बाहेरून माणसं आणून वरच्या मजल्यावर बसवली, पंपांचे फोन धाकटीवर चढवून मोकळे झाले, मला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटत राहिलं, अजून ठरायचंय.

खंडेनवमी आली. मुलींनी रांगोळी काढली, थोरलीला हार घातला, शेजारी तुझा फोटो ठेवला. दरवर्षी बटण तू बंद करायचास. यंदा साहेब पुढं झाले. "दत्तात्रयच्या आठवणीसाठी हे काम मी करतो," म्हणाले. फोटो काढायला मोबाईल वर झाले. टाळ्या वाजल्या. दत्ता, कोणाच्या लक्षात आलं नाही, ठाऊक असून माझ्याही नाही, की तू का बंद करायचास. प्रथा सगळ्यांना पाठ, तिच्यामागचं कारण तुझ्याबरोबर गेलेलं. साहेबांनी थोरली बंद केली.

धाकटी उठली बिचारी. पंपांचे फोन आधीच काठोकाठ, दोन पाऊस झाल्यावर निम्म्या तालुक्यातले पंप जळलेले, वर ट्रकवाल्यांचे सगळे फोन एकदम येऊन पडले. थोडा वेळ धापा टाकत चालली आणि मग बसली. पंपही गेले, ट्रकही गेले. भर दिवसा सगळा फ्लोअर गप्प झाला. तुला तो आवाज माहीत नाही, कारण तू असताना तो कधी झालाच नाही. सगळ्या मुली हेडसेट लावून माझ्याकडं बघतायत आणि एकही फोन वाजत नाही. हातात प्रसादाची वाटी घेऊन मी उभी.

थोरली परत चालू व्हायला वेळ लागला. तिला लगेच उठता येत नाही हे तूच सांगायचास, आधी सगळं तपासून बघते म्हणून. मग फोन सुरू झाले, तेही एकदम धबधब्यासारखे. मुली पुरेनात म्हणून मी स्वतः हेडसेट चढवला. पहिलाच फोन, खंबाटकी घाटातून. गाडी चढावर, मागं दगड लावलेला, क्लीनर दगडाशी बसलेला, आणि हा माणूस केव्हाचा फोन लावतोय. मला म्हणाला, "अहो बाई, मेलात का काय सगळे तिकडं?"

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "गैरसोयीबद्दल क्षमस्व." आणि पोटातून वर येत होतं, सगळे नाही हो दादा, एकच मेलाय. एकच. मी गाडीचा नंबर विचारला, मेकॅनिक पाठवला, त्याची गाडी सुखरूप निघाली. मग बाथरूममध्ये जाऊन तुला शिव्या दिल्या. मोठ्यानं. बाहेर मुलींना ऐकू गेल्या असतील तर गेल्या.

याच्या पुढचं ऐक, म्हणजे तुला कळेल मी का पेटले. दसरा झाल्यावर मीटिंग. साहेबांनी निर्णय काय काढला? म्हणे, पुढच्या वर्षीपासून पूजा नुसती हळदकुंकवाची, मशीन बंद करायचं नाही. बस्स! धाकटीवरचे पंप तसेच. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! आजार सोडून तपासणीच बंद. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "न्हाई म्हंजी न्हाई." असंच म्हटलं, तुझ्यासारखं. लातूरची मी, माझ्या तोंडात ते 'न्हाई' कुठून आलं देव जाणे. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मग मी तुझं सगळं बोलले. बैल बोलले, सत्तर किलो बोलले, पंचांग बोलले. अर्धं चुकीचं बोलले असेन, तुझ्यासारखं नीट जुळवून मला येत नाही. साहेब शांतपणे म्हणाले, "मंगलताई, पण तुम्ही तर इतकी वर्षं उलटं म्हणत होता. आम्हा सगळ्यांसमोर भांडायचात."

मी म्हटलं, "साहेब, मी दत्ताशी भांडत होते. तुमच्याशी नाही. ते आमचं दोघांचं होतं, तुम्ही त्यातलं एक वाक्य उचलून नेलंत."

मग मी सरळ सांगितलं, पंपांना त्यांचं मशीन घ्या, धाकटी मोकळी करा, नाहीतर हा फ्लोअर दुसरं कोणीतरी सांभाळा. घाटातल्या त्या ड्रायव्हरचं रेकॉर्डिंग लावलं. "मेलात का काय सगळे" हे खोलीभर ऐकू आलं. साहेबांनी मान खाली घातली. माणूस वाईट नाही तो, तूही म्हणायचास, फक्त ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. त्या दिवशी माझा मोठा होता.

पंप काढले. त्यांना वेगळं मशीन आलं. मग मी आणखी एक गोष्ट केली, तीही तुला सांगून टाकते. एका साध्या कामाच्या दिवशी, ना सण ना पूजा, दुपारी शिफ्ट भरलेली असताना, मुलींना आधी सांगून मी सर्व्हरच्या खोलीत गेले आणि थोरली बंद केली. माझ्या हातानं. बाहेर क्षणभर शांतता, आणि मग एक फोन वाजला, मग दुसरा, मग सगळा कलकलाट. मुली ओरडल्या, "ताई, चालू आहे!" साहेबांनी लिहून दिलंय, आता दर महिन्याला असंच करायचं. तुला हवं होतं ना, घे.

पण दत्ता, आता माझं काय?

सकाळी दहाची ती रांग अजून तशीच आहे. पंपांच्या मशीनचा तिला काडीचा उपयोग नाही. काल एक जण इतका वेळ धून ऐकत थांबला आणि शेवटी कंटाळून फोन ठेवून गेला. कुठं अडकला होता, काय झालं, कळलं नाही. माझ्या मुली मोकळ्या बसल्या होत्या, धाकटीही मोकळी बसली होती. पूर्वी मी तडक तुझ्याकडं आले असते आणि टेबलावर हात आपटला असता. काल मी साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. कारण आत जाऊन बोलणार काय? धाकटीला सकाळपुरतं हाताशी घ्या म्हणून? त्याला नाही कोण म्हणणार? मीच. साहेबांनी मान डोलावण्याआधी मलाच उठून नाही म्हणावं लागेल, नाहीतर ते परत काहीतरी चढवून ठेवतील तिच्यावर.

तू गेलास आणि तुझी बाजू माझ्या गळ्यात मारून गेलास. ती मी धरून ठेवलीय, सोडणार नाही. पण माझी बाजू खोटी नव्हती रे. तो ड्रायव्हर खरा होता, रोज असतो. आता त्याच्या बाजूनं या फ्लोअरवर भांडायला कोणी राहिलेलं नाही.